ब्युरेट सेट: व्हॅन्कोमायसिनला उत्तम, घाईच्या डोसला नाही

ब्युरेट सेट म्हणजे सलाईनची बाटली आणि पेशंटकडे जाणारी नळी यांच्या मध्ये मिलीच्या खुणांचा चेंबर (छोटं नळकांडं) असलेला संच. १०० मिलीच्या ब्युरेट सेटचा खरा गुण एकच. वर बाटली कितीही मोठी असो, वरचा क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारी चिमटी) बंद केला की पेशंटला चेंबरमध्ये असेल तेवढंच जातं. लहान मुलांचे डोस आणि व्हॅन्कोमायसिन (एक अँटिबायोटिक) यांसाठी हाच सेट घ्यावा. या सेटच्या मायक्रोड्रिपचे (बारीक थेंबांचे) ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. व्हॅन्कोमायसिन ५०० मिग्रॅ १०० मिलीत टाकून एका तासात द्यायचं, म्हणजे मिनिटाला १०० थेंब. १ ग्रॅम असेल तर दोन चेंबर, दोन तास. एकाच चेंबरमध्ये कोंबलं तर औषध दुप्पट तीव्र होतं आणि शीर दुखावते. भरभर सोडलं तर चेहरा-मान लाल होते, बीपी उतरतं.

तेच १०० मिली अर्ध्या तासात द्यायचे असतील तर हा सेट नको. मिनिटाला २०० थेंब मोजायचे कसे? ती धारच लागते. १ मिलीला २० थेंब पडणाऱ्या साध्या सेटवर तेच ६७ होतात.

भरताना आधी सलाईन, मग औषध, मग हवी ती खूण गाठेपर्यंत पुन्हा सलाईन. औषध आधी टाकलं तर पहिली धार घट्टच जाते. औषध टाकायचं रबर १५ सेकंद स्पिरिटने चोळून वाळू द्यावं. नंतर चेंबर हलकेच फिरवावा; पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम (पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक) जोरात हलवलं की फेस येतो आणि खूण वाचता येत नाही. सेफ्ट्रिॲक्सोन (हेही अँटिबायोटिक) असेल तर वरची बाटली रिंगर लॅक्टेटची नाही ना, हे आधी पाहा. त्यातल्या कॅल्शियमशी साका धरतो.

सगळ्यात मोठी खोट नळीत आहे. चेंबर रिकामा दिसला की डोस संपला असं वाटतं, पण खालच्या नळीत १५ मिलीच्या आसपास औषध उरतं. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम साडेचार ग्रॅम ५० मिलीत दिलं असेल तर १५ मिली म्हणजे १.३५ ग्रॅम, जवळजवळ तिसरा हिस्सा! चार्टवर सही होते, सेट काढला जातो, औषध कचऱ्यात. म्हणून २० मिली सलाईन चेंबरमध्ये घेऊन त्याच वेगाने सोडायचं. सेट त्याच पेशंटला पुढच्या डोससाठी ठेवला तरी हे चुकवू नये: जेंटामायसिन आणि पेनिसिलिन गटातलं औषध नळीत एकमेकांना भेटता कामा नयेत.

रिॲक्शन आली तर मात्र उलट. अंगावर गांधी, घरघर, बीपी खाली: खालचा क्लॅम्प लगेच बंद, आणि नळी अजिबात फ्लश करायची (सलाईन सोडून धुवायची) नाही, नाहीतर उरलेलं औषधही आत ढकललं जाईल. सेट कॅन्युलापासून (शिरेत बसवलेल्या बारीक नळीपासून) तोडून नवा लावायचा. पहिल्या डोसला निदान १५ मिनिटं पेशंटजवळ थांबावं, ॲड्रेनलिन हाताशी हवं.

थेंब अचानक थांबले तर कॅन्युला काढण्याआधी चेंबरच्या माथ्यावरचं हवेचं छिद्र बघा. तिथला फिल्टर भिजला किंवा झाकण बंद राहिलं की चेंबर आत चेपतो. सेट आडवा ठेवल्याने हे हमखास होतं.

लेबल लावायला मात्र या सेटवर नीट जागाच नाही. औषध, डोस, वेळ, सही लिहिलेली पट्टी खुणांच्या मागच्या बाजूला चिकटवावी लागते.