आवड माझी नाही, तरीही वर्गणी चालू आहे: देहबदलाच्या प्रौढ चित्रकथांचा काही महिन्यांचा अनुभव

देहांची अदलाबदल या एकाच कल्पनेभोवती प्रौढांसाठी शृंगारिक चित्रकथा काढणाऱ्या एका चित्रकाराची मासिक वर्गणी मी दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत सुरू केली, आणि आता धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकण्याची वेळ आली तरी ती चालू आहे. हा चित्रकार टोपणनावाने काम करतो आणि त्याने आपली ओळख जाणीवपूर्वक झाकून ठेवली आहे, म्हणून मीही येथे नाव घेत नाही. आरंभीच सांगितले पाहिजे की या कथांमधला शृंगार माझ्या आवडीचा नाही. आपले शरीर दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले पाहण्यात काही वाचकांना जे सुख मिळते ते मला मिळत नाही, आणि काही पाने वाचून मी बराच वेळ अस्वस्थ राहिलो. असे असूनही माणसाचे शरीर रेखाटण्याच्या बाबतीत या चित्रकाराच्या तोडीचे काम माझ्या पाहण्यात फार थोडे आहे, आणि ते का, हे सविस्तर सांगावे असे मला वाटते.

मी देसाईगंज म्हणजे वडसा येथील नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवतो. झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील नाटकांचा, हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो, नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपते, आणि पडदे लावण्यासाठी सोबत गेलेल्या माणसाला विंगेत उभे राहून नटांच्या चालण्या-बसण्याकडे रात्रभर पाहता येते. एखादा नट पाटलाची भूमिका करीत असूनही त्याचे खांदे शेतमजुराचेच कसे राहतात, हे प्रेक्षकांना संवादांच्या ओघात जाणवत नसले तरी विंगेतून स्पष्ट दिसते. त्यामुळे कोणतेही चित्र समोर आले की माझी नजर प्रथम चेहऱ्याकडे न जाता पावलांकडे, मनगटांकडे आणि मानेकडे जाते. या चित्रकथांनी मला धरून ठेवले ते याच ठिकाणी.

त्याच्या सर्वांत मोठ्या मालिकेत पन्नाशीच्या आसपासचे एक जोडपे आहे. नवरा मालट्रक चालवतो, बायको शिलाईचे काम करते, आणि एके दिवशी सकाळी दोघे परस्परांच्या शरीरात जागे होतात. शृंगारिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेच्या पहिल्या दोन भागांत शृंगाराचे एकही दृश्य नाही. तेथे दिसते ते एवढेच, की नवऱ्याच्या शरीरात असलेली बायको सुईत दोरा ओवण्याचा प्रयत्न करीत आहे आणि तिला ठाऊक असलेली हालचाल त्या जाड, राकट बोटांना जमत नाही. ती दोरा दाताने तोडते, टाचण्या सवयीने गळ्याजवळ खोचायला जाते आणि तेथे बनियनचा उघडा गळा असल्यामुळे हात अधांतरीच थांबतो. त्याच वेळी बायकोच्या शरीरातला नवरा खुर्चीवर बसून शिलाई मशीनचा पायटा पाहतो आणि त्याचा डावा पाय नकळत क्लच दाबल्यासारखा पुढे जातो. या चौकटींत संवादाचा एकही फुगा नाही. कोणत्या देहात कोण आहे हे सांगण्याची गरजही पडत नाही, कारण ते हाताच्या ठेवणीतून आणि पाठीच्या वळणातूनच कळते.

वेताळाने विक्रमाला विचारलेल्या प्रश्नांपैकी एक या चित्रकाराच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे असे मला वाटते. ती कथा सोमदेवाच्या ११व्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त आहे: देवीपुढे शिरे वाहिलेल्या आपल्या नवऱ्याची आणि भावाची मस्तके एक स्त्री घाईत एकमेकांच्या धडांवर बसवते, आणि आता तिचा नवरा कोण, असा पेच पडतो. राजा उत्तर देतो की ज्या धडावर नवऱ्याचे मस्तक आहे तोच नवरा, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. हा चित्रकार ते उत्तर मान्य करीत नाही. त्याच्या कथांत मन दुसऱ्या देहात गेले तरी त्या देहाची स्वतःची आठवण शिल्लक असते. ट्रक चालवून दुखावलेला गुडघा जिना चढताना आपोआप अडखळतो आणि आत आलेल्या बायकोला तो अडखळण्याचा अनुभव प्रथमच मिळतो. नवरा इतकी वर्षे पायरीवर क्षणभर का थांबत होता, हे तिला त्या क्षणी कळते. दुसरीकडे, तिची नजर अजून तिच्या जुन्या उंचीच्या हिशेबाने चालते, म्हणून फळीवरचा डबा घेताना तिचा हात डब्याच्या पलीकडे जातो. उभ्या स्त्रीशरीराचा गुरुत्वमध्य सरासरीने पुरुषापेक्षा किंचित खाली असतो, आणि वाकताना, उठताना, ओझे उचलताना हा फरक चित्रकाराने इतक्या सातत्याने पाळला आहे की नव्या देहातल्या माणसाचा तोल प्रत्येक वेळी थोडा चुकलेला दिसतो आणि जसजसे भाग पुढे सरकतात तसतसा तो सावरत जातो. अनेक महिन्यांच्या अंतराने काढलेल्या पानांत हे सातत्य टिकवणे किती कठीण आहे, हे ज्याने एकच आकृती दोन पडद्यांवर काढून पाहिली असेल त्याला सांगावे लागणार नाही.

मालिकेच्या सुरुवातीला वाचकाच्या सोयीसाठी एक युक्ती वापरलेली आहे. नवऱ्याचे बोलणे कोनदार फुग्यात आणि बायकोचे गोल फुग्यात येते, आणि देह बदलले तरी फुग्याचा आकार बोलणाऱ्या मनाप्रमाणेच राहतो. तिसऱ्या भागानंतर चित्रकाराने ही सोय काढून घेतली. सगळे फुगे सारखे झाले आणि ओळख पटवण्याचा संपूर्ण भार रेखाटनावर आला. मला हा त्याच्या कामातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो, कारण शृंगारासाठी वाचणाऱ्या वाचकाला थांबून निरखण्याची सवय नसते आणि तो गोंधळून वर्गणी बंद करण्याचा धोका उघड होता.

आमच्याकडील एक वयोवृद्ध कलावंत तरुणपणी दंडारीत, म्हणजे आमच्या भागातल्या लोकनाट्यात, स्त्रीपात्रे करीत असत. मी त्यांना शृंगाराचा भाग वगळून काही पाने दाखवली. गोष्ट काय आहे हे मी आधी सांगितले नव्हते, तरी शिवणकामाचे पान पाहून ते लगेच म्हणाले, “हा गडी नाही, ही बाई आहे.” पुढे त्यांनी जे समजावले ते मला फार मोलाचे वाटले. नवखा नट साडी नेसला की कंबर जास्त हलवतो, कारण त्याला बाई दाखवायची असते. पण खऱ्या बाईला बाई असल्याचे दाखवायचे नसते, तिला कामे उरकायची असतात. या चित्रांतली बाई पुरुषाच्या देहातही कामे उरकत आहे, म्हणून ती बाई वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. पुरुषाने स्त्रीची भूमिका करण्याला भरताच्या नाट्यशास्त्रात स्वतंत्र प्रकार मानून स्थान दिलेले आहे, आणि आमच्या खडीगंमत या लोकनाट्यात व दंडारीत ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. देहबदलाची चित्रकथा परक्या मुलखातून मोबाइलवर आली असली, तरी ती पारखण्याची नजर आमच्या गावात आधीपासून होती.

आता शृंगाराविषयी. सर्व पात्रे प्रौढ आहेत आणि प्रत्येक कथेच्या आरंभी त्यांची वये स्पष्ट दिलेली असतात, हे मला आवश्यक वाटते. मुख्य मालिकेत जवळीक येते ती बऱ्याच उशिरा, दोघांच्या बोलण्यानंतर आणि परस्परांच्या संमतीने. “हे शरीर तुझे आहे, मी याला कसे सांभाळावे?” या आशयाचा प्रश्न दोघेही एकमेकांना विचारतात. तीस वर्षांच्या संसारात जे विचारले गेले नव्हते ते देह बदलल्यावर विचारले जाते, आणि तेवढ्यापुरता मी या विषयातला परकेपणा विसरलो. त्यापुढची पाने बरीच उघड आहेत. ती मी भरभर उलटली, कारण त्यांतली ओढ माझी नाही. पण ती पानेही आळसाने काढलेली नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तेथेही हात कोणाचा आणि संकोच कोणाचा, हे चित्रकार विसरत नाही.

या उलट, एका छोट्या मालिकेत एक पात्र दुसऱ्याचे शरीर फसवून घेते आणि त्याचा मनमानी वापर करते. ज्याचे शरीर आहे त्याची संमती नसताना कथा त्या प्रसंगांवर रेंगाळते, आणि परिणामांचा विचार शेवटच्या दोन पानांत उरकला जातो. ती मालिका मी अर्धवट सोडली व ती कोणाला सुचवणार नाही. माझ्या मते हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. ज्या चित्रकाराने दुसरीकडे देहाच्या मालकीचा इतका बारीक विचार केला आहे, त्याने येथे तो विचार बाजूला ठेवला आहे, आणि त्यामुळे रेखाटनही सैल झाले आहे. त्या मालिकेतल्या देहांना सवयीच नाहीत.

हा विषय मुळातच विकृत आहे असे मानणाऱ्यांसाठी दोन गोष्टी नोंदवतो. ‘भगवदज्जुकीयम्’ या प्राचीन संस्कृत प्रहसनात योगी शिष्याला धडा देण्यासाठी मृत गणिकेच्या देहात शिरतो, चुकून तिचा जीव नेलेला यमदूत परत येऊन पाहतो तो देह व्यापलेला, आणि तो गणिकेचा जीव योग्याच्या देहात घालून मोकळा होतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात स्त्री झालेला राजा भंगाश्वन इंद्राने संधी दिली असतानाही पुन्हा पुरुष होण्यास नकार देतो आणि समागमाचे सुख स्त्रीला अधिक असते हे कारण उघडपणे सांगतो. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंडा देवस्थानाच्या भिंतींवर मिथुनशिल्पे आहेत, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेत लोक लेकराबाळांसह त्यांच्यासमोरून दर्शनाला जातात. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर २००८ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील पेटकोवा आणि एर्सन या संशोधकांनी डोळ्यांवर बसवलेल्या छोट्या दृश्यपडद्यांतून दुसऱ्याच्या जागेवरचे दृश्य दाखवून आणि त्याच वेळी स्पर्श करून, दुसरे शरीर आपलेच आहे असा भास लोकांना घडवला होता. त्या प्रयोगात माणसे स्वतःशीच हस्तांदोलन करीत असतानाही तो भास टिकला. हे वाचल्यावर डब्याच्या पलीकडे गेलेला तो हात मला निव्वळ कल्पनेचा खेळ वाटेनासा झाला. शिवाय जन्माने मिळालेल्या देहाशी ज्यांचे जुळत नाही अशा काही वाचकांना या कथांत स्वतःचे मन सापडते, असे त्यांच्या प्रतिक्रियांवरून दिसते. त्यांच्या त्या नात्याबद्दल मला आदर आहे.

विचित्रपणा मात्र आहेच. एका कथेत दोन शेजाऱ्यांचे फक्त हात बदलतात, बाकी देह ज्याचे त्याचेच राहतात. दुसरीत तिघांची साखळी फिरते आणि कोण कोठे आहे हे ठरवायला मला कागदावर खुणा कराव्या लागल्या. हातांची कथा मला अतिशय आवडली. तीत एक माणूस भाकरी थापायला बसतो, हात स्वतःहून सुरेख थापतात, आणि तो स्वतःच्या हातांकडे परक्यासारखा पाहत राहतो. हे पान मी पुन्हा पुन्हा उघडले आहे. तिघांची साखळी मात्र कल्पनेपुरतीच राहते.

वापराच्या दृष्टीने काही गोष्टी. संवाद सोप्या इंग्रजीत आहेत, तरी लांब निवेदनाच्या पट्ट्या कंटाळवाण्या होतात आणि चित्राने आधीच सांगितलेले पुन्हा सांगतात. त्या काढून टाकल्या तर काम अधिक चांगले होईल. सुरुवातीच्या कथांतील तरुण स्त्रियांचे चेहरे एकमेकींसारखे आहेत, पुढे हा दोष गेला. नवीन पाने दर महिन्याला येतात, पण ठरलेल्या तारखेला क्वचितच. आमच्याकडे नेटवर्क दुपारी फार मंद असते, त्यामुळे संकेतस्थळावर पान उघडत नाही. पीडीएफ पहाटे उतरवून घेणे हाच उपाय. छोट्या मोबाइलवर जोडपानाची चित्रे निरर्थक होतात, कारण पावलांचे आणि बोटांचे तपशील दिसत नाहीत, म्हणून शक्य असल्यास टॅबवर वाचावे. घरातला मोबाइल मुलांच्या हाती जातो, तेव्हा फाइली कुलूपबंद फोल्डरमध्येच ठेवाव्यात. आणि कितीही चांगले वाटले तरी ही पाने गटांत पुढे पाठवू नयेत. लैंगिक कृत्ये स्पष्ट दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ नुसार पहिल्या गुन्ह्यालाही ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चित्रकाराची मेहनत फुकट वाटली जाते ते वेगळेच.

ज्यांना केवळ शृंगार हवा आहे त्यांना ही वर्गणी संथ वाटेल. जे चित्र काढतात, नाटकात काम करतात किंवा मूर्ती घडवतात, त्यांनी किमान दोन महिने ती घ्यावी, प्रथम हातांची कथा वाचावी, मग जोडप्याच्या मालिकेचे पहिले पाच भाग. वर्गणीदारांना मिळणारी कच्ची रेखाटने चुकवू नयेत; त्यांत एकाच बसण्याचे सहा-सात प्रयत्न एकाखाली एक दिलेले असतात आणि कोणता का नाकारला हे बाजूला लिहिलेले असते. यंदाच्या हंगामासाठी पडद्यावर पाणी भरणाऱ्या बायका काढायच्या आहेत, आणि त्यासाठी मी ती रेखाटने समोर ठेवून सराव सुरू केला आहे.