झाड, धोंडा, पिटॉन की जुना बोल्ट? ऐनवेळी रॅपलिंगचा अँकर निवडताना

सुळक्याच्या अर्ध्यावर आहात, दुपारचे चार वाजून गेलेत आणि पुढचा टप्पा आज होणार नाही हे दोघांनाही कळून चुकलंय. रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून उतरायची, पक्की जागा राहिली वर, माथ्यावर. हाताशी दोन-तीन टेप स्लिंग (मजबूत पट्टीचे वेढे), थोडी कॉर्ड (बारीक दोरी), हातोडा, चार पिटॉन (फटीत ठोकायच्या धातूच्या मेखा). आजूबाजूला एक झाड, एक धोंडा आणि कुणीतरी कधीतरी कातळात भोक पाडून ठोकलेला एक बोल्ट. दोर कशाला अडकवून उतरायचं, म्हणजे अँकर कशाचा करायचा? ज्यांनी रॅपलिंग शिबिरात, प्रशिक्षकासमोर रीतसर शिकलंय, त्यांना ही निवड करताना उपयोगी पडेल असं थोडं लिहितो.

आधी एक हिशोब. शिवलेल्या टेप स्लिंगवर २२ किलोन्यूटन छापलेलं असतं, म्हणजे साधारण २२०० किलो. ८० किलोचा माणूस सावकाश, धक्के न देता उतरला तर अँकरवर जवळपास त्याच्या वजनाएवढाच भार येतो. उड्या मारत उतरला तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे नवी, धड स्लिंग आपल्या वजनाने तुटत नाही. दगा देतं ते तिने ज्याला विळखा घातलाय ते, नाहीतर आपली गाठ, नाहीतर धारेवर घासलेला दोर. म्हणून सगळं लक्ष तिथे द्यायचं.

माझी पहिली पसंती जिवंत झाडाला. बुंधा निदान मांडीएवढा हवा. खांद्याने रेटा द्या आणि डोळे मुळावर ठेवा. माती उचलली जातेय असं वाटलं तर ते झाड सोडा. स्लिंग अगदी मुळाशी बांधायची. कमरेएवढ्या उंचीवर बांधली तर खोडाची तरफ होते आणि तेच झाड उपटायला निघतं. आपल्या कड्यांवर एक फसगत नेहमीची आहे. पिंपळ, उंबर, वड कातळाच्या फटीतून उगवतात, मुळं दोरखंडासारखी जाड दिसतात, पण त्यातली बरीच नुसती कातळावर पसरलेली असतात. फटीत शिरलेलं मूळ शोधा. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, निवडुंगाचा तर विचारच नको. कारवी धरून आपण सगळेच चढतो, पण दहा काठ्या एकत्र बांधल्या तरी तिचा अँकर होत नाही. फेब्रुवारी-मार्चात निष्पर्ण झाड दिसलं तर लगेच मेलेलं समजू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे.

झाडाच्या शेजारी धोंडा ठेवून बघितला तर फरक असा: झाड हलतं तेव्हा दिसतं. धोंडा शेवटपर्यंत निश्चल असतो आणि सुटला की एकदम सुटतो, तुमच्याच डोक्यावर. त्यामुळे घसाऱ्यावर किंवा उतरत्या पाथरावर बसलेला धोंडा कितीही मोठा असला तरी मी घेत नाही. सपाट जागी अर्धा गाडलेला, दोघांनी पाय लावून ढकलला तरी न डगमगणारा असेल तर तो झाडाइतकाच भरवशाचा. त्याहून चांगला म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत अडकलेला धोंडा. सांधणसारख्या घळीत असे पुष्कळ दिसतात. भार येईल तसा तो आणखी घट्ट बसतो. दगडाचं शिंग मिळालं तर स्लिंग वरून निसटणार नाही ना ते पाहा: कडेवर उभं राहून दोर खाली जाईल त्याच दिशेला ओढ द्या, मग जरा बाहेरच्या बाजूला. आणि हातोड्याने ठोका. आपला बेसाल्ट थराथरांचा, मधले पट्टे ठिसूळ. ठणठणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. धार असेल तिथे स्लिंगखाली सॅकचं जाड कापड घाला.

झाड आणि धोंडा दोन्ही चांगले असतील तर उतरायच्या रेषेच्या बरोबर वर जे आहे ते घ्या. तिरकं उतरलात की दोर कडेवर आडवा घासतो, आणि खालून ओढताना अडकतो.

यातलं काहीच नसेल तर पिटॉन. नीट शिरणारा पिटॉन प्रत्येक घावाला वरच्या सुरात जातो. आवाज बसला की काढा, दुसरी फट शोधा. निदान दोन, शक्यतो वेगवेगळ्या फटींत, आणि जोडणाऱ्या स्लिंगचा कोन अरुंद. ६० अंशांच्या कोनात प्रत्येकावर ५८ टक्के भार येतो, १२० अंशांत दोघांवरही पूर्ण.

आणि तो जुना बोल्ट? बाहेरचा हँगर (बोल्टवरची, कडी अडकवायची भोकाची पट्टी) चकचकीत असला तरी आत बोल्ट किती खोल आहे, किती पावसाळे पाणी प्यायलाय, हे बाहेरून कळत नाही. हँगर बोटाने फिरत असेल किंवा खाली गंजाचा ओघळ असेल तर त्यावर भार टाकू नका. धड दिसला तरी एकट्यावर उतरायचं नाही. शेजारी पिटॉन ठोकून जोडीला घ्या. झाड आणि जुना बोल्ट यांत निवडायचं झालं तर मी विचार न करता झाडाकडे जातो.

आधीच्यांनी सोडलेल्या स्लिंगबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. एका सुळक्यावर आम्हाला शिंगाभोवती सहा स्लिंगांचा गुच्छ मिळाला. लांबून फार भक्कम वाटला. एकेक सोडवली. मूळचा लाल रंग फक्त गाठीच्या आत उरला होता, बाकी उन्हाने पांढुरकी. दोर जिथून जायचा तिथे एकीला चकाकती, कडक खाच पडली होती. ती वाकवली आणि धागे हातात आले. कुणीतरी कॅराबिनर (झडपेची कडी) वाचवण्यासाठी दोर थेट स्लिंगमधून घातला होता; तो ओढून घेताना घर्षणाने नायलॉन वितळलं होतं. काही स्लिंग ज्या धाग्याच्या असतात ते डायनीमा तर साधारण १४५ अंश सेल्सिअसलाच वितळतं. आम्ही गुच्छ कापून खाली आणला, नवी स्लिंग घातली आणि दोर मेलनमधून (स्क्रूने बंद होणाऱ्या कडीतून) घेतला. मेलन आणि स्लिंग काही शे रुपयांत येतात. ती तिथेच सोडून या.

टेप गाठून स्लिंग केली असेल तर दोन्ही टोकं चार बोटं तरी बाहेर ठेवा. भार येत-जात राहिला की ही गाठ सरकते. दोराच्या खालच्या टोकांना गाठी, आणि डिसेंडरखाली (उतरताना वेग आवरणाऱ्या साधनाखाली) प्रुसिक, म्हणजे भार येताच दोरावर आवळणारी कॉर्डची गाठ.

उतरायचा क्रम असा. पहिल्याने उतरायचं ते सगळ्यात जड माणसाने, सॅक घेऊन. तेव्हा अँकरला दुसऱ्या जागेचा बॅकअप जोडलेला असतो, पण किंचित ढिला, म्हणजे भार खऱ्या अँकरवरच येतो. वर थांबलेल्याने त्या वेळी फक्त अँकर बघायचा: धोंडा, मूळ, गाठ काही सरकतंय का. खाली पोचलेला टोकांच्या गाठी सोडतो आणि दोर हातभर ओढून बघतो. दोर सरकला की टोकं सारखी करून पुन्हा गाठी मारतो आणि हाक देतो. मग सगळ्यात हलका माणूस बॅकअप काढतो आणि शेवटी उतरतो.