531 ची नंबर प्लेट आणि 180 ची पाठराखण

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात स्टँडकडून येताना रेडियम आणि पत्र्याच्या कामाची एक छोटी टपरी लागते, बोर्ड-बिर्ड काही नाही, बाहेर जुन्या टायरवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात तीच खूण. तिथल्या काकांच्या कामाबद्दल लिहायचं चार महिने टाळत होतो, म्हटलं पावसाळा निघू दे मग बोलू. निघाला.

गाडी माझी 2013 ची, एमएच 19, म्हणजे 1 एप्रिल 2019 च्या आधीची, म्हणून सगळ्यांसारखी ती एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवावी लागली, दुचाकीचे जीएसटी धरून 531. पैशाबद्दल तक्रार नाही. पण सेंटरवरच्या पोराने पाच मिनिटात प्लेट पक्की करायचे दोन स्नॅप लॉक ठोकले आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं, मागे आधार आहे का, प्लेट हलते का, काही पाहिलं नाही. मडगार्ड माझं दोनदा वेल्डिंग झालेलं, प्लेट वरच्या दोन भोकांवर लटकलेली आणि खालचा अर्धा भाग हवेत. मी रोज चोपडा-यावल करतो, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने, ज्यांनी तो पाहिलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. दोन महिन्यात प्लेट खडखड वाजायला लागली आणि एके दिवशी धुताना बघतो तर डाव्या लॉकच्या भोकापासून नखाएवढी चीर गेलेली.

मी आधी काय शहाणपणा केला तर तार बांधली, तारेनेच कड घासली. मग मित्र म्हणे दोन भोकं अजून पाड आणि बोल्ट मार. नशीब मारले नाहीत.

काकांनी प्लेट बोटाने खालून टिचकी मारून हलवून पाहिली आणि म्हणाले, "पत्रा खराब नई शे भाऊ, तो हालस म्हनीसन फाटस." म्हणजे पत्रा खराब नाही, हलतो म्हणून फाटतो. बास, सगळं यात आलं. प्लेट 1 मिमी ॲल्युमिनियमची, तिला वर कितीही आवळा, खालचा भाग फडफडणार आणि जोर येणार तो भोकाच्या कडेवरच, म्हणजे जास्त घट्ट केलं तर उलट लवकर फाटते. लॉकला त्यांनी हातच लावला नाही, ते एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तसलं लॉक आपल्याकडे मिळणार नाही हे स्वतःच सांगितलं, हे मला आवडलं.

केलं काय, तर प्लेटच्या मापाचा (मागची 200 बाय 100 मिमी असते) जाड पत्रा कापला, खालची कड हातोडीने वळवून खोबण केली, आणि तो खालून प्लेटच्या मागे सरकवला, प्लेटची खालची कड खोबणीत बसली. दोघांच्या मधे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून. हा मागचा पत्रा मडगार्डच्या क्लॅम्पला दोन 6 एमएमच्या बोल्टने धरला, रबर वॉशर आणि नायलॉक नट लावून, तोच आत प्लास्टिकची रिंग असलेला, 10 नंबरच्या पान्याने फिरवताना शेवटपर्यंत जड जातो. साधा नट आमच्या रस्त्यावर आठवड्यात ढिला होतो. प्लेटला एकही नवीन भोक नाही, होलोग्राम आणि लेझरचा नंबर जसाच्या तसा.

आता खोट. पहिल्यांदा खोबण इतकी रुंद वळवली की खालच्या ओळीतले आकडे बुडाकडून झाकले गेले, मी दाखवल्यावर "दिखी राह्यनं ना" (दिसतंय ना) म्हणत होते, मग कुरकुरत कानसने घासून कमी केली, त्यात अर्धा तास गेला. तुम्ही केलं तर समोर उभं राहून पाहा, आकडा झाकला तर दंड आपल्यालाच. दुसरं, कापलेल्या कडेला रंग मारला नाही, बोल्टच्या डोक्यांवर गंज आलाय. आणि ऑनलाइन पैसे घेत नाहीत.

180 घेतले सगळे मिळून. चिरेच्या टोकाशी मी त्याच दिवशी मार्करने बारीक रेघ मारून ठेवली होती, दर रविवारी गाडी पुसताना पाहतो, चीर रेघेच्या अलीकडेच आहे आणि खडखड बंद. 200 दिले होते, सुट्टे नव्हते तर वीस रुपयाच्या बदल्यात सहा नायलॉक नट हातावर ठेवले, त्यातले दोन पुढच्या प्लेटला लागले. दुपारी एक ते चार जाऊ नका, टपरी बंद करून काका निंबाखाली झोपलेले असतात आणि उठवलं तर काम तेच करतात पण बोलतात फार.