नारानतूल बाजार: गेरमधल्या मुक्कामाआधीची खरेदी

मंगोलियातील भटक्या पशुपालकांच्या गेरमध्ये, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या नमद्याने मढवलेल्या गोल तंबूत, काही दिवस राहायचे म्हणून निघालेल्या प्रवाशाला राजधानीत बहुधा एखादाच मोकळा दिवस मिळतो. तो दिवस संग्रहालयांत घालवावा की खरेदीत, असा प्रश्न मला कोणी विचारला, तर मी उलानबातरच्या पूर्व भागातील नारानतूल बाजाराकडे बोट दाखवीन. बायानझुर्ख जिल्ह्यातील हा अफाट उघडा बाजार जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘खार झाख’, म्हणजे काळा बाजार, म्हणूनच आहे आणि टॅक्सीवाल्यांना दोन्ही नावे कळतात. मात्र येथे काय घ्यावे आणि कशाला हातही लावू नये, याचा विचार आधी केला नाही, तर दिवस आणि पैसे दोन्ही वाया जाण्याची शक्यता भरपूर आहे.

या बाजाराचे खरे मोल असे, की येथे गिऱ्हाईक म्हणून स्वतः पशुपालक येतात. गेरच्या भिंतींच्या घडीच्या लाकडी जाळ्या, नारिंगी रंगावर नक्षी काढलेले दरवाजे आणि पेट्या, नमद्याच्या गुंडाळ्या, पत्र्याच्या चुली, खोगिरे, लगाम आणि चरायला सोडलेल्या घोड्याला घालायचे चामडी पायबंद, असा सारा संसार रांगारांगांनी मांडलेला असतो. दूरच्या आयमागमधून, म्हणजे प्रांतातून, आलेले कुटुंब वर्षाची खरेदी करून सामान गाडीच्या टपावर बांधताना दिसते. म्हणून माझी कसोटी साधी आहे: पशुपालक जे स्वतः वापरतात ते येथून घ्यावे आणि जे त्यांना कधी लागतच नाही ते प्रवासाला निघतानाच बरोबर घेऊन यावे. पुढचे सगळे मूल्यमापन याच कसोटीवर केलेले आहे.

पहिला मान ‘देल’ या अंगरख्याला द्यायला हवा. उन्हाळ्यात जाणाऱ्याला हा पेहराव छायाचित्रापुरता वाटतो, पण स्टेपवर, म्हणजे उघड्या गवताळ माळावर, एक रात्र काढली की त्याचा उपयोग कळतो. उलानबातरच समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे. खांगाई पर्वताच्या बाजूला आर्खांगाई किंवा ओवोरखांगाई प्रांतात गेलात, तर जुलैतही सूर्य मावळताच अंगात हुडहुडी भरते आणि दुपारच्या उन्हानंतर तासाभरात गारांचा पाऊस होणेही नवलाचे नाही. अशा हवेत देल हा कोट असतो, रात्री पांघरूण असतो आणि जेथे मैलभर झुडूपही नाही तेथे शौचाला बसताना आडोसाही असतो. ही शेवटची सोय कोणत्याही महागड्या जाकिटात मिळत नाही. उन्हाळ्यासाठी ‘तेरलेग’ हा हलका देल पुरतो, थंडीसाठी कापूस भरलेला देल मिळतो आणि ऐन हिवाळ्यात जाणाऱ्याने मेंढीच्या कातड्याचा देल पाहावा, कारण तापमान शून्याखाली तीस-चाळीस अंशांवर उतरते तेव्हा शहरी कोटाचा टिकाव लागणे कठीण असते.

देलच्या रांगेतील विक्रेत्या बायका मापाची पट्टी क्वचितच काढतात. एकीने माझे खांदे नजरेने जोखले आणि अंगात देल चढवून त्याची वरची बाजू डावीकडून उजवीकडे आणली. गळ्यापासून काखेपर्यंतच्या कापडी गाठींच्या गुंड्या तिने एकामागून एक लावल्या आणि मग कमरेभोवती लांबलचक रेशमी शेला इतका आवळला, की पोटात घेतलेला श्वास तेथेच राहिला. बाही बोटांच्या टोकांपलीकडे लोंबत होती. मला ती चूक वाटली, पण तिने माझा हात धरून बाही मुठीवर ओढून दाखवली: लगाम धरताना हातमोज्याचे काम हीच बाही करते. शिवाय गेरमध्ये वडीलधाऱ्यांकडून वाटी घेताना बाही मनगटापर्यंत खाली असावी, असा रिवाज आहे. शेला सैल बांधला तर घोड्यावर देल पोटाशी फुगतो आणि वारा आत शिरतो, म्हणून तो देलबरोबरच घ्यावा आणि बांधायचा कसा हेही तेथेच शिकून घ्यावे. भाषेची अडचण फारशी येत नाही. किंमत गणकयंत्रावर दाखवली जाते, तुम्ही त्यावर आपला आकडा टाकायचा. घासाघीस चालते, पण थोडीच. निम्म्याने मागणाऱ्याकडे विक्रेत्या सरळ पाठ फिरवतात.

पादत्राणांबाबत माझे मत वेगळे आहे. वर वळलेल्या टोकाचे ‘गुतल’ देखणे असतात, पण ज्याला त्यांची सवय नाही त्याने ते पायवाटेसाठी घेऊ नयेत. आपले वापरून मऊ झालेले बूटच बरे. उंटाच्या लोकरीचे मोजे मात्र जरूर घ्यावेत. खोगिरांच्या रांगेत पाहण्याची हौस फेडावी आणि पुढे जावे. मंगोली खोगीर लाकडी असते, पुढे-मागे उंच असते आणि बैठकीच्या कडांना धातूची नक्षीदार बटणे असतात, कारण तेथील स्वार दौडीत रिकिबीत उभा राहतो आणि फारसा टेकत नाही. नवख्याने ज्या कुटुंबाकडे जायचे आहे त्यांच्याकडे मऊ गादीचे रशियन पद्धतीचे खोगीर आहे का, हे वाटाड्यामार्फत आधी विचारावे, आणि बाजारातून जाड, शिवण आतून टोचणार नाही अशी लांब विजार घ्यावी. सळसळणारा प्लास्टिकचा रेनकोट मात्र घोड्यावर घालू नये, कारण त्या आवाजाने अर्धवट रानातच वाढलेली ती घोडी बुजतात.

भेटवस्तूंसाठी हा बाजार सर्वांत उपयोगी आहे आणि प्रवासी बहुधा याच बाबतीत सर्वांत कमी तयारी करतात. गेरमध्ये पाहुण्याला चहा विकत मिळत नाही, तो दिला जातो. रिकाम्या हाताने गेलात तरी कोणी काही बोलणार नाही, पण वस्तू नेमकी असेल तर घरच्या बाईच्या चेहऱ्यावरच ते दिसते. दाबून घट्ट केलेल्या चहाच्या विटा येथे थप्प्या लावून विकतात. त्याच विटेचा तुकडा फोडून, दूध आणि मीठ घालून ‘सुतेई त्साय’ उकळतो आणि दिवसभर त्याच्याच वाट्या हातात येत राहतात. वीट घेताना तिची कड नखाने खरवडून पाहावी. कोरडी, घट्ट आणि गवतासारख्या वासाची असेल तर घ्यावी. कुबट वास आला तर सोडून द्यावी. पीठ, तांदूळ, साखर, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल, सुया आणि जाड दोरा या वस्तूही कधी वाया जात नाहीत. ताजी फळे आणि भाज्या गेरच्या वाटेवर दुर्मीळ असतात, म्हणून टिकाऊ सफरचंदांची पिशवी चॉकलेटांच्या डब्यापेक्षा मोलाची ठरते. मुलांसाठी वह्या आणि रंगीत पेन्सिली घ्याव्यात. मंगोलियात शाळा 1 सप्टेंबरला सुरू होते आणि पशुपालकांची मुले सोमच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी वसतिगृहात राहायला जातात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने नेलेली वही थेट दप्तरात जाते. व्होडकाच्या बाटल्या अनेक वाटाडे सुचवतात. मी त्या नेणार नाही, कारण एका बाटलीने रंगलेल्या संध्याकाळचा भार दुसऱ्या दिवशी पहाटे दूध काढायला उठणाऱ्या बाईवर पडतो.

निळ्या रंगाचे रेशमी ‘खादग’, म्हणजे मानाने द्यायचे लांब पट्टे, येथे एकेक आणि गठ्ठ्यानेही मिळतात. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला भेट देताना ते लांबीत दुमडून, घडीची उघडी बाजू समोरच्याकडे येईल असे दोन्ही हातांवर धरून पुढे करावे. इतर वस्तू उजव्या हाताने द्याव्यात आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार द्यावा. दुकानात सराव करायला लाज वाटू देऊ नये. दुरुस्ती करायला विक्रेतेच पुढे येतात, आणि गेरच्या दाराशी गोंधळण्यापेक्षा ते परवडते. दाराचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी सांगतो. गेरजवळ पोहोचताच ‘नोखोय खोर!’ अशी हाक द्यावी, म्हणजे घरचे लोक कुत्री आवरतात. आत शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नये आणि पाहुण्याने डाव्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने सरकावे. मधल्या दोन खांबांना टेकायचे नाही आणि त्यांच्यामधून वस्तू द्यायची-घ्यायची नाही. चूल पवित्र मानली जाते, म्हणून तिच्याकडे पाय करून बसणे किंवा तिच्यात कचरा टाकणे निषिद्ध आहे. तेव्हा आपला कचरा परत आणण्यासाठी बाजारातून दोन मजबूत पिशव्या घ्याव्यात.

आता बाजाराच्या उण्या बाजूकडे वळतो. झोपण्याच्या पिशव्या, गिर्यारोहणाची जाकिटे, पाठपिशव्या यांच्या रांगाच्या रांगा येथे आहेत आणि त्यांवर नामांकित कंपन्यांची नावेही आहेत. पण कापडावर शिवलेले नाव आणि चिठ्ठीवर छापलेले उणे अंश हे कशाचाही पुरावा नाहीत, आणि रात्री दोन वाजता, चूल विझलेली असताना, चिठ्ठीने ऊब येत नाही. पशुपालक स्वतः या पिशव्यांत झोपत नाहीत, त्यामुळे चांगल्या-वाईटाची पारख करणारे गिऱ्हाईकही येथे नाही. झोपण्याची पिशवी आपलीच आणावी. पाण्याच्या गाळणीचे आणि औषधांचेही तेच. ओढ्याच्या वरच्या अंगाला मेंढ्यांचे कळप चरत असतात, म्हणून पाणी गाळावे किंवा उकळावे. कच्चे दूध टाळावे, कारण पशुपालकांच्या कळपांत ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा रोग आढळतो. घोडीच्या दुधाचे आंबवलेले ‘आयराग’ पहिल्या दिवशी वाटीभर न पिता ओठाला लावून परत दिले तरी मान राखला जातो. मारमोट या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे मांस कोणी दिले, तर नम्रपणे नाकारावे आणि मेलेल्या मारमोटजवळ जाऊ नये, कारण प्लेगचे रुग्ण मंगोलियात आजही अधूनमधून सापडतात. कुत्र्यांचा वावर पाहता रेबीजची पूर्वलस घेण्याविषयी डॉक्टरांशी निघण्यापूर्वीच बोलावे. जवळचे रुग्णालय दिवसभराच्या वाटेवर असू शकते.

विजेची काळजी मात्र वाटते तितकी करू नये. शासनाने राबवलेल्या एक लाख सौर गेर योजनेतून 2012 पर्यंत बहुसंख्य भटक्या कुटुंबांपर्यंत सौर संच पोहोचले, आणि आता गेरबाहेर टेकवलेला सौरफलक व टीव्हीची तबकडी हे नेहमीचे दृश्य आहे. या बाजारातही असे फलक आणि बॅटऱ्या सर्रास विकल्या जातात. तरीही घरच्यांच्या मर्यादित विजेवर आपले फोन, कॅमेरे लावून बसणे बरे नाही. त्यापेक्षा आपली भरलेली पॉवर बँक आणि डोक्याला बांधायचा दिवा जवळ ठेवावा.

गर्दीत खिसेकापूंचा उपद्रव आहे, ही गोष्ट येथील लोकच आधी सांगतात. पारपत्र आणि मोठा कॅमेरा मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून, पाठपिशवी पोटावर घेऊन हिंडावे. पैशांचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण तोगरोग या मंगोली चलनाची सर्वांत मोठी नोट 20,000 ची असून तिची किंमत जेमतेम सहा अमेरिकी डॉलर भरते. साहजिकच दिवसभराच्या खरेदीसाठी नोटांचे चांगले जाड पुडके लागते. ते दोन-तीन आतल्या खिशांत विभागावे आणि सुट्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात. गाड्यावर माल लादून ओरडत येणाऱ्या हमालांना वाट द्यावी लागते, ते थांबत नाहीत. विक्रेत्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. काही जण स्पष्ट हरकत घेतात. जुन्या वस्तूंच्या भागात तपकिरीच्या दगडी कुप्या आणि मूर्ती मोहात पाडतात, पण खरोखर पुरातन वस्तू परवानगीच्या कागदाशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

ज्यांना रेटारेटी झेपत नाही, त्यांच्यासाठी शांतता मार्गावरील स्टेट डिपार्टमेंट स्टोअर हा पर्याय आहे. तेथे किमती लावलेल्या असतात, कार्ड चालते आणि किराणा, कश्मिरी लोकरीचे कपडे, भेटवस्तू एका छताखाली मिळतात. सोय निर्विवाद आहे, पण तेथील देल सणासमारंभासाठी शिवलेला वाटतो. मी स्वतः सुकामेवा, बिस्किटे आणि औषधी दुकानातील किरकोळ गोष्टी शहराच्या मध्यभागीच घेईन आणि अंगावर घालायचे व हातात द्यायचे सारे नारानतूलमधून.

जाण्याची वेळ सकाळची निवडावी. दुपारनंतर, विशेषतः शनिवार-रविवारी, देलच्या रांगेत उभे राहायला जागा उरत नाही. 11 ते 13 जुलै या नादाम उत्सवाच्या आधीच्या दिवसांत तर अर्धे शहर नवे कपडे घ्यायला येथेच लोटते, त्या गर्दीत माप नीट पाहणे होत नाही. मंगळवारी बाजार बंद असतो, म्हणून गाडी बुधवारी पहाटे गावाबाहेर पडणार असेल, तर खरेदी सोमवारीच उरकावी.