थंडीत ढेकूण झालेत, घरी वाफ मारायची की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं?

डिसेंबरात एका लग्नावरून आलो, बॅग तशीच बेडवर टाकली, आणि संक्रांत येईपर्यंत गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसायला लागले. पुण्यात भाड्याचं वन बीएचके आमचं. आई फोनवर म्हणाली गाद्या उन्हात टाक, ती नागपूरची, तिकडं मे महिन्यात पत्र्यावर गादी टाकली की खरंच मरतात. पण ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरायला 48 अंशांच्या आसपास उष्णता दीडेक तास लागते आणि तीही गादीच्या आतपर्यंत पोचायला हवी, जानेवारीत पुण्याची दुपार जेमतेम 30 अंशांची, म्हणजे वरचं कापड तेवढं तापतं, ढेकूण आत सरकतात आणि संध्याकाळी गादीबरोबर परत घरात. त्यामुळं थंडीत नुसत्या उन्हावर विसंबू नका.

अजून एक, थंडीत चावे कमी झाले की ढेकूण गेले असं वाटतं, ते गेलेले नसतात, सुस्तावलेले असतात. रक्त न पिता ते कित्येक महिने काढतात आणि गारठ्यात तर अजूनच जास्त. अंडी उबदार खोलीत आठवडा-दहा दिवसांत फुटतात, थंड खोलीत दोन-तीन आठवडेही घेतात. पुढं काय निवडायचं ते या अंड्यांवरच ठरतं.

आधी वाफ. आजीकडं बाजेवर उकळतं पाणी ओतायचे, सुंभाच्या बाजेला ते चालायचं, पण आपल्या प्लायच्या बॉक्स बेडवर ओतलं तर प्लाय फुगणार. म्हणून स्टीमर. वाफेची मोठी गोष्ट अशी की ती अंडी पण मारते आणि औषधाचा वास नाही, त्यामुळं घरात तान्हं बाळ, दमेकरी किंवा मांजर असेल तर माझं मत सरळ वाफेकडं. पण वेळ लागतो हो, नोझल शिवणीवरून अगदी हळू न्यायचं आणि तोंडाला कापड बांधायचं, नाहीतर जोराच्या वाफेनं ढेकूण उडून दुसरीकडं पडतात. आणि वाफ जिथं लागली तिथंच काम करते, मागं काही उरत नाही, म्हणजे स्विचबोर्डच्या आत (तिथं वाफ मारायचीच नाही), भिंतीच्या भेगेत, फर्निचरच्या मागं राहिलेले वाचले. आम्हाला एका बेडला अख्खा रविवार गेला, कंबर धरली.

स्प्रेचं बरोबर उलटं. माणूस येतो, तासाभरात घर मारून जातो, औषध फटीत काही दिवस टिकतं. पण बरीच औषधं अंड्यांवर नीट चालत नाहीत, आणि ज्या गटातली औषधं सगळीकडं वापरतात त्या पायरेथ्रॉइडना ढेकूण बऱ्याच ठिकाणी दाद देईनासे झालेत. म्हणून एकाच व्हिजिटचं स्वस्त कोटेशन घेऊ नका, आमच्या आधीच्या घरी तेच केलं होतं आणि महिन्यात परत सुरू. दुसरी व्हिजिट पाहिजेच, आणि थंडीत ती साधारण तीन आठवड्यांनी मागा, दहाव्या दिवशी येऊन मारून गेला तर न फुटलेली अंडी तशीच राहतात. कुठलं औषध मारणार ते आधी विचारा, बेड उघडून फटीत मारणार का ते विचारा. थंडीत आपण खिडक्या लावून बसतो, स्प्रेनंतर मात्र सांगतील तितका वेळ घराबाहेर राहायचं आणि आल्यावर सगळं उघडायचं, कितीही गार लागू दे. फिश टँक झाकून त्याचा पंप बंद करायला विसरू नका.

मग कुणी काय करावं? ढेकूण एकाच बेडवर असतील आणि दोन-तीन रविवार देता येणार असतील तर वाफ. दुसऱ्या खोलीत किंवा सोफ्यात दिसले, किंवा शेजारच्या फ्लॅटमधून येतायत असं वाटलं, तर वाफेत जीव घालवू नका, स्प्रेच घ्या आणि शेजाऱ्यांशी बोला, लाज वाटते पण बोला, आपल्या एकट्याच्या घरात मारून ते परत येतात.

गादी फेकून देणं मला पटत नाही, बेडच्या सांध्यात आणि स्क्रूच्या भोकात असतातच, नवीन गादीत आठवड्यात चढतात. त्याच पैशात चेनवालं पूर्ण बंद कव्हर घ्या. चादरी, स्वेटर 60 अंशांच्या पाण्यात नाहीतर ड्रायरमध्ये फुल हीटवर अर्धा तास. खेळणी, पुस्तकं पिशवीत बांधून डीप फ्रीजरला, उणे 18 अंशांवर निदान चार दिवस, सिंगल डोअर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याचा भरवसा नाही.

आणि कळकळीनं सांगते, धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या कुणी ढेकणांसाठी दिल्या तर घरात आणूसुद्धा नका. त्यातून फॉस्फिन गॅस निघतो, बंद खोलीत माणसं दगावलीत, शेजारच्या घरातलीही, आणि त्यावर उतारा नाही. थंडीत खिडक्या बंद असताना तर विचारच नको. रॉकेल शिंपडणं पण तसंच, आगीला आमंत्रण.

आम्ही शेवटी वाफ आणि कव्हर केलं, बेड भिंतीपासून वीतभर ओढला. माळ्यावरच्या गोधड्या, रजया आता आधी बाल्कनीत झटकून शिवणी बघून मगच आत येतात, आणि प्रवासाची बॅग थेट बाथरूमच्या फरशीवर. दर रविवारी टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी बघते, मार्चपर्यंत तरी बघणार आहे.