निरोगी आणि मधुमेही मूत्रपिंड : जनुकांची तुलना कोणत्या पद्धतीने करावी?

फ्रीझरमध्ये मूत्रपिंडाचे तुकडे आहेत, काही मधुमेहींचे, काही निरोगी. कोणती जनुकं जास्त बोलू लागली आणि कोणती गप्प झाली, हे पाहायचं आहे. जनुक चालू असलं की त्याची आरएनए नावाची प्रत बनते, म्हणून आरएनए मोजायचा. त्यासाठी अख्ख्या तुकड्याचा आरएनए एकत्र वाचायचा (बल्क), पेशी सुट्या करून एकेक वाचायची, की पेशींची फक्त केंद्रकं (जनुकं असलेला गाभा) काढून ती एकेक वाचायची?

बल्क स्वस्त पडतं, त्यामुळे जास्त रुग्ण घेता येतात. अडचण अर्थ लावताना येते. समजा, मधुमेही ऊतीत नेफ्रिन या गाळणीतल्या प्रथिनाचा आरएनए घटलेला दिसला. नेफ्रिन बनवतात ग्लोमेरुलसमधल्या (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातल्या) पोडोसाइट पेशी. त्या शाबूत असून नेफ्रिन कमी बनवत आहेत, की त्या पेशीच उरल्या नाहीत? मधुमेहात पोडोसाइट खरोखर गळतात आणि लघवीवाटे बाहेर जातात. उपचाराच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण बल्कच्या आकड्यात त्या सारख्याच दिसतात. कोलॅजन (व्रणात साचणारं तंतुमय प्रथिन) वाढलेलं दिसलं तरी हाच पेच : पेशी ते जास्त बनवतात, की ते बनवणाऱ्या पेशीच वाढल्या?

ग्लोमेरुलस आणि गाळलेलं पाणी पुढे वाहून नेणाऱ्या नलिका सुईने वेगळ्या करून वाचल्या तर थोडं भागतं. २०११ मध्ये ४४ नमुन्यांवर असं काम झालं. मधुमेही आजारात ग्लोमेरुलसमध्ये सुमारे १,७०० आणि नलिकांमध्ये सुमारे १,८०० बदल सापडले, पण दोन्हीकडे सामाईक फक्त ३३०. एकाच अवयवाच्या दोन भागांत आजार इतका वेगळा वागतो. अख्खा तुकडा वाटून वाचला तर नलिकांच्या पेशींची गर्दी ग्लोमेरुलसचा आवाज दाबून टाकते.

पेशी सुट्या करायला ताजी ऊती आणि पेशींमधले धागे तोडणारी विकरं (एन्झाइम) लागतात. त्या प्रक्रियेतच पेशी बिथरतात आणि ताणाची जनुकं चालू होतात. हा ताण मधुमेहाचा की परीक्षानळीतला, हे मग कळत नाही. शिवाय पोडोसाइट सहज सुटत नाहीत. केंद्रकं मात्र गोठवलेल्या ऊतीतूनही निघतात आणि पोडोसाइटही हाती लागतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यात कमी सापडतात, म्हणून प्रश्न दाहाचा असेल तर ताज्या पेशींचा खटाटोप करावा. एरवी मी केंद्रकांच्या बाजूने आहे.

२०१९ चा एक अभ्यास पाहा : ३ निरोगी, ३ सुरुवातीच्या टप्प्यातले मधुमेही, एकूण २३,९८० केंद्रकं. नेफ्रॉनच्या (एक ग्लोमेरुलस आणि त्याची नलिका) शेवटच्या भागातल्या पेशींत पोटॅशियम बाहेर टाकण्याकडे झुकणारे बदल दिसले. इतकी नेमकी जागा बल्कने कधीच दाखवली नसती. पण माणसं ६ च होती. हजारो केंद्रकांना हजारो स्वतंत्र नमुने समजून पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढली तर ती फसवी असते. आधी प्रत्येक माणसाच्या एका प्रकारच्या पेशींची बेरीज करा आणि मगच माणसांची तुलना करा.

ऊतीतली जागा जपणाऱ्या स्पेशियल पद्धती आहेत, पण त्यांतल्या व्हिझियम या पद्धतीच्या मूळ स्लाइडवर आरएनए टिपणारा एक ठिपका ५५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे त्यात अनेक पेशी येतात. केंद्रकांतून सापडलेली गोष्ट नेमकी कुठे घडते हे तपासायला ही पद्धत वापरावी, सुरुवात तिने करू नये.

खरी चिंता मला ‘निरोगी’ या शब्दाची वाटते. असा नमुना बहुधा गाठीसाठी काढलेल्या मूत्रपिंडाच्या उरलेल्या भागातून येतो. शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा थांबलेला असतो आणि त्याचे ठसे आरएनएवर उमटतात. मधुमेही नमुना मात्र अनेकदा सुईच्या बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या छोट्या तुकड्याचा. मग सापडलेला फरक आजाराचा की नमुना घेण्याच्या रीतीचा? वय, आजाराचा टप्पा आणि एसजीएलटी२ (साखर रक्तात परत ओढणारं प्रथिन) रोखणारी मधुमेहाची औषधं यांचीही नोंद हवी, कारण ही औषधं थेट समीपस्थ नलिकेवर, म्हणजे नलिकेच्या सुरुवातीच्या भागावर काम करतात.

दोन्ही गटांचे नमुने एकाच रीतीने घेतलेले असतील तर गोठवलेल्या तुकड्यांतून केंद्रकं काढा आणि जे सापडेल ते जास्त रुग्णांच्या, वेगळ्या केलेल्या ग्लोमेरुलस-नलिकांच्या बल्कवर पडताळा. रीत वेगळी असेल तर सीक्वेन्सिंगचे (आरएनए वाचण्याचे) पैसे तूर्त राखून ठेवा आणि आधी जुळणारे निरोगी नमुने शोधा.