शिंदेवाडीजवळ "ताई, चाक हलतंय" म्हणून गाडी थांबवली आणि 13,500 रुपये काढून घेतले

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. घरात सगळ्यांना माहितीय, माहेरी अजून सांगितलेलं नाही, कारण भाऊ पहिलं वाक्य काय बोलणार ते मला पाठ आहे. पण परवा आमच्या कॉलनीतल्या एका काकांना सातारा-पुणे हायवेच्या त्याच पट्ट्यात तसंच थांबवलं आणि त्यांचे 9,000 गेले हे कळलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली, की मी तेव्हाच लिहिलं असतं तर निदान ते तरी वाचले असते. म्हणून सगळं लिहितेय, आकड्यांसकट.

हा प्रकार नवीन नाही हे मलाही माहितीय. बाइकवाला हात करतो, चाकाकडे बोट दाखवतो, पुढे "योगायोगाने" मेकॅनिक असतो. मी स्वतः याचे व्हिडिओ पुढे पाठवलेत लोकांना. तरी मी थांबले. का थांबले ते सांगते, कारण "एवढं माहिती असून कशी फसलीस" हा प्रश्न मला आतापर्यंत सात-आठ जणांनी विचारून झालाय.

आमच्या सासूबाईंचं, म्हणजे आत्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला ठरलं होतं. सकाळी 10 ला पोचायचं, थेंब घालायला वेळ लागतो म्हणून लवकर बोलावलं होतं. ह्यांना मार्चएंडमुळे सुट्टी नव्हती. मी 2016 पासून गाडी चालवते, सातारा-पुणे किती वेळा केलंय मोजलं नाही. साडेसहाला निघालो, आत्यांना शुगर आहे त्यामुळे मध्ये काहीतरी खायला घालणं भाग होतं, म्हणून शिरवळच्या पुढे एका हॉटेलला थांबलो. वीसेक मिनिटं. गाडी बाहेर लांब लावली होती, आतून दिसत नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

खेड शिवापूरचा टोल गेला आणि दोनेक किलोमीटरवर पहिला बाइकवाला आला. डाव्या बाजूने जवळ येऊन पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं, तोंडाने काहीतरी म्हणाला आणि पुढे निघून गेला. मी नाही थांबले. मला लगेच ते व्हिडिओच आठवले आणि मी आत्यांना म्हटलंसुद्धा की हे चोर असतात. मग थोडं पुढे दुसरा, वेगळी बाइक, मागे हेल्मेट घातलेली बाई बसलेली. तिने हात केला. बाई होती म्हणून मी काच खाली केली, खरं सांगते. ती ओरडली, "ताई, चाक हलतंय, ऑइल गळतंय, पुढे उतार आहे!" आणि ते गेले. थांबले नाहीत, पैसे मागितले नाहीत, मेकॅनिकचं नाव घेतलं नाही. त्यामुळे ते खरे वाटले.

आणि उतार. ज्यांना तो रस्ता माहितीय त्यांना कळेल. नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सरळ उतार आहे, तिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतोय. शेजारी 71 वर्षांची सासू बसलीय, आणि कोणीतरी सांगतंय की चाक हलतंय. तुम्ही काय केलं असतं?

शिंदेवाडीच्या तिथे सर्व्हिस रोडला घेतली. उतरून बघितलं तर डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला खरंच काळं ऑइल, रिमवर पण उडालेलं. हातपाय गार पडले. तेवढ्यात समोरच्या पत्र्याच्या टपरीतून, दोन टायर टांगलेले, बोर्ड नाही, एक पस्तिशीचा माणूस आला. निळा शर्ट, खिशात टेस्टर. अगदी शांत. "मॅडम, घाबरू नका, आधी आजींना सावलीत बसवा." स्वतः खुर्ची आणून दिली, पाण्याची बाटली दिली. आत्या आजही म्हणतात माणूस वाईट नव्हता बोलायला.

जॅक लावला, चाक उचललं, दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवून दाखवलं. हललं. म्हणाला शॉकअप (चाकाचे धक्के शोषणारा भाग) फुटलाय, ऑइल ब्रेकच्या डिस्कवर गेलंय, लोअर आर्म (चाक गाडीला खालून जोडणारा दांडा) पण गेला, दोन्ही बाजूचे शॉकअप जोडीनेच बदलावे लागतात, उतारावर ब्रेक धरला नाही तर माझ्याकडे येऊ नका. मी विचारलं किती. त्याने कागदावर लिहून दिलं: शॉकअप दोन नग 7,800, लोअर आर्म 2,650, लिंक रॉड जोडी 1,400, सील 450, मजुरी 1,800. एकूण 14,100. मी घासाघीस केली आणि 13,500 ला आणला, आणि तेव्हा मला वाटलं की बरं झालं, 600 कमी केले. हे आठवलं की आजही अंगाची आग होते.

ह्यांना फोन लावला, मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना लावायला हवा होता. नाही लावला, कारण घड्याळात 8:50 झाले होते आणि तो माणूस सारखं म्हणत होता, "आजींचं ऑपरेशन चुकायला नको, अर्ध्या तासात देतो." ऑपरेशनचं त्याला मीच सांगितलं होतं. अनोळखी मेकॅनिकला तुम्हाला घाई आहे हे कधीच सांगू नका. त्याला किंमत ठरवायला तेवढंच लागतं.

आता ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो क्षण. मी 2022 मध्ये पुढचे दोन्ही शॉकअप बदललेत. आमच्या मिस्त्रींकडे मी स्वतः तिथे बसून होते, साडेतीन तास लागले होते. शॉकअपचे वरचे नट बॉनेटच्या आत असतात, बॉनेट उघडल्याशिवाय तो खाली निघतच नाही, आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग दाबून धरायला वेगळं साधन लागतं, नाहीतर ती उसळून माणसाला लागते. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं. आणि त्या दिवशी बॉनेट उघडलंच नाही! बॉनेट उघडायची कळ ड्रायव्हरच्या पायाशी असते, मी गाडीचं दार उघडं टाकून त्याच सीटवर बसलेले, कळ माझ्या पायापासून वीतभर लांब, ती कोणी ओढली नाही, मला ओढा असं कोणी म्हटलं नाही. त्या माणसाने एक जॅक आणि एक पाना घेऊन 25 मिनिटांत "दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्म" बदलले आणि मी ते बघत बसले. रात्री झोपताना मला रोज ती कळ दिसते.

मध्ये आत्यांना बाथरूमला जायचं होतं, त्याच टपरीतला पोरगा म्हणाला मागे पेट्रोल पंप आहे, मी त्यांना धरून घेऊन गेले, येऊन-जाऊन दहा मिनिटं. आले तेव्हा डावं चाक परत बसलेलं, आत चकाचक काळा शॉकअप. जुना कुठे विचारलं तर म्हणाला भंगारात टाकला, पोरगा घेऊन गेला. इथे दुसऱ्यांदा कळायला हवं होतं. जुना पार्ट तुमचा असतो, पैसे देण्याआधी तो हातात घ्या.

पैसे: ऑपरेशनसाठी पाकिटात 22,000 कॅश होती, त्यातले 5,000 दिले आणि 8,500 स्कॅन करून. स्कॅन केल्यावर नाव आलं ते एका मोबाइल शॉपीचं. मी म्हटलं हे गॅरेजचं नाही. "मित्राचा स्कॅनर आहे मॅडम, माझा बंद पडलाय." तिसरी वेळ. बिल मागितलं तर तोच हाताने लिहिलेला कागद, ना नाव ना फोन नंबर.

दवाखान्यात 10:40 ला पोचलो. आत्यांचं बीपी वाढलेलं, डॉक्टर म्हणाले आज नको. ऑपरेशन नऊ दिवस पुढे गेलं. हे नुकसान कुठल्या आकड्यात धरायचं?

परत येताना साताऱ्याजवळ गाडी डावीकडून खटखट वाजायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाक काढलं आणि काही बोललेच नाहीत, मला हाताने जवळ बोलावलं. शॉकअप माझाच, 2022 चा, त्यावर काळा स्प्रे मारलेला, बोटाने खरवडला तर निघाला. उजव्या बाजूला हातसुद्धा लावलेला नाही. लोअर आर्म जुनाच. लिंक रॉड जुने. रबराचं बूट, म्हणजे आतलं रबरी आवरण, ब्लेडने सरळ कापलेलं, म्हणजे ऑइल गळाल्याचा पुरावा दाखवायला. आणि डाव्या चाकाच्या चार नटांपैकी दोन नुसते हाताने फिरतील एवढे सैल. त्या चाकावर मी बोगद्यानंतरचा तो उतार उतरले, पुण्यात फिरले, आणि शंभरच्या वर किलोमीटर घरी आले, आत्यांना शेजारी बसवून. 13,500 गेले त्याचा राग एक आहे. या नटांचा राग वेगळा आहे, तो जात नाही.

मिस्त्रींनी विचारलं, वाटेत गाडी कुठे नजरेआड लावली होतीत का. हॉटेल सांगितलं. म्हणाले तिथेच पिचकारीने मारलं असणार, जळकं इंजिन ऑइल आहे हे. शॉकअपमधलं ऑइल पातळ असतं, जरासंच असतं, ते झिरपतं आणि त्यावर धूळ बसून चिकटा होतो, असं रिमभर उडत नाही. आणि चाक डावी-उजवीकडे हलतं म्हणाल तर स्टिअरिंग लॉक नसेल तर कुठल्याही चांगल्या गाडीचं हलतं. त्याने समोरचंच दुसरं चाक हलवून दाखवलं असतं तर तेही तसंच हललं असतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! बूट आणि मजुरी 1,150, अलाइनमेंट 500.

आता पोलिसांचं. त्याच संध्याकाळी आमच्या इथल्या ठाण्यात गेले. घटना पुणे जिल्ह्यातली, तिकडे जा. मी म्हटलं झीरो एफआयआर असतो ना, हद्द कुठलीही असली तरी घ्यावा लागतो, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय. समोरचे हवालदार म्हणाले, "मॅडम, ते खुनाबिनाला असतं." रविवारी सुट्टी काढून ह्यांच्याबरोबर परत तिकडे गेलो, डिझेल वेगळं. पहिल्या चौकीत सांगितलं हे शहराकडे येतं. शहराच्या ठाण्यात सांगितलं बोगद्याच्या अलीकडचं म्हणजे ग्रामीण. परत मागे. तिथे दीड तास बाकावर बसवलं आणि मग साहेबांचा पहिला प्रश्न, "गाडीत पुरुष माणूस कोणी नव्हतं का?" दुसरा प्रश्न, "पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना? जबरदस्ती केली का? मग फसवणूक कसली, काम केलं ते पसंत पडलं नाही, ग्राहक मंचात जा." अहो काम केलंच नाही, स्प्रे मारलाय, नट सैल सोडलेत! मिस्त्रींनी काढलेले फोटो दाखवले, कापलेलं बूट पिशवीतून नेलं होतं ते टेबलावर ठेवलं. "हे कोणी कापलं याला पुरावा काय?" म्हटलं मोबाइल शॉपीचं नाव आहे, व्यवहाराचा नंबर आहे, वेळ आहे, बँकेला एक पत्र पाठवलं की खातं कोणाचं ते कळेल. म्हणाले 8,500 साठी पत्रं पाठवत बसलो तर बाकीची कामं कोणी करायची. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का मारणारे नाहीत, उद्या या. उद्या या! साताऱ्याहून! ह्यांनी आवाज चढवला तेव्हा शिक्का मारणारे आतल्या खोलीत सापडले. टपरीवर एक माणूस पाठवा म्हटलं, तिथून गाडीने दहा मिनिटं नाहीत. आम्हीच जाऊन आलो, पत्रा होता, टायर होते, कुलूप होतं. शेजारचा उसाच्या रसवाला आमच्याकडे न बघता म्हणाला मला काही माहीत नाही.

बँकेने कळवलं की पिन तुम्ही टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. ऑनलाइन पैसे गेले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला, तोपर्यंत खूप उशीर.

एक गोष्ट अजून डाचते. आमच्या इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बिघडली तर मदत) घेतलेला आहे, दरवर्षी 199 रुपये भरतो, नंबर पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, पॉलिसी डॅशबोर्डच्या कप्प्यात. आणि नॅशनल हायवेचा 1033 आहे, चोवीस तास, फुकट. दोन्ही मला त्या अर्ध्या तासात आठवले नाहीत. आज घरी गेल्यावर दोन्ही नंबर मोबाइलमध्ये घाला. हायवेवर कोणी खुणा केल्या तर हळू करा, पण टोलनाका, मोठा पेट्रोल पंप, माणसं असतील तिथेच थांबा, खुणा केल्याकेल्या नाही. फोनवर आधी आपल्या मिस्त्रीला चाकाचा व्हिडिओ पाठवा. गाडी जॅकवर असताना तिथून हलू नका, म्हाताऱ्या माणसाला बाथरूमला न्यायचं असेल तर काम थांबवायला सांगा. आणि बाई बाइकवर मागे बसलीय म्हणून काच खाली करू नका, हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण लिहिते.

कोणाला एफआयआर नाकारला तर तक्रार लिहून पोस्टाने एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) पाठवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(4). मी गेल्या सोमवारी स्पीड पोस्टाने पाठवलीय, फोटोंसकट, पोस्टाची पावती जपून ठेवलीय. आत्यांचं ऑपरेशन झालं, डोळा चांगला आहे. त्यावेळी पुण्याला एसटीने गेलो.

काल रात्री पेमेंटच्या ॲपमध्ये तो जुना व्यवहार उघडून बघितला. मोबाइल शॉपीचं तेच नाव, खातं चालू आहे, खाली अजूनही "पैसे पाठवा" येतंय.